घड्याळातल्या कॅलरी आणि पुण्यातला जुना वाद

मागच्या महिन्यात माझे एक जुने रुग्ण दवाखान्यात आले. वय ५४, बँकेत नोकरी, सात वर्षांपासून मधुमेह. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी मनगट माझ्यासमोर धरलं. "डॉक्टर, हे बघा. रोज ५४० कॅलरी जाळतोय. तीन महिने झाले, एक दिवस खाडा नाही. मग वजन दोन किलो वाढलं कसं?"

गोल्फ क्लबच्या मैदानावर रोज सकाळी एक तास, म्हणजे साधारण पाच किलोमीटर ते चालत होते. मी त्यांना तिथे पाहिलंही आहे. चालण्यात खाडा नव्हता हे खरं. थोडं विचारल्यावर कळलं की मिसळीतही नव्हता. मैदानावरून निघायचं, घड्याळात ५४० बघायचं, आणि 'एवढी तर जळाली' म्हणून मिसळपाव खायचा. कधी वर जिलेबी. एचबीए१सी ७.१ वरून ७.९ वर गेलं होतं.

या गृहस्थांना मी आळशी म्हणणार नाही, खोटारडे तर नाहीच. त्यांनी एका आकड्यावर विश्वास ठेवला, आणि आकडा मशीनमधून आला की आपण सगळेच ठेवतो. तुमच्याही मनगटावर असं घड्याळ असेल, नसेल तर मोबाइलमध्ये ॲप असेल. तो ५४० येतो कुठून, हे आज बघू. त्याचा इतिहास पॅरिसमध्ये सुरू होतो आणि वाटेत आपल्या पुण्यातून जातो.

१७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसला लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी एक गिनी पिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगातल्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजलं, आणि त्याच्या श्वासाशी ताळा घातला. श्वास घेणं म्हणजे एक प्रकारचं संथ जळणं, हे त्यातून पुढे आलं. नंतर लाव्हाझिएने सेगाँ या सहकाऱ्यावर प्रयोग केले. बसलेला असताना तो किती ऑक्सिजन वापरतो, जेवल्यावर किती, पायाने वजन उचलताना किती. व्यायामात शरीराचा खर्च वाढतो हे मोजून दाखवणारं हे पहिलं काम. १७९४ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत लाव्हाझिएचं डोकं उडवलं गेलं आणि काम तिथेच थांबलं.

पुढचं मोठं पाऊल अमेरिकेत पडलं. १८९०च्या दशकात ॲटवॉटर आणि रोझा यांनी माणूस आत राहू शकेल अशी बंद खोली बांधली. आकार आपल्या घरातल्या छोट्या बाथरूमएवढा. आत खाट, टेबल, खुर्ची. माणूस दिवसेंदिवस आत राहायचा, झडपेतून त्याला जेवण द्यायचे, आणि काही प्रयोगांत तो आत बसून सायकल चालवायचा. भिंतींतून फिरणाऱ्या पाण्याने त्याच्या अंगची उष्णता गोळा व्हायची, आत-बाहेर जाणारी हवाही तपासली जायची. हिशोब जवळजवळ तंतोतंत जुळायचा, फरक टक्क्याच्या आसपास. म्हणजे माणूस किती कॅलरी जाळतो हे अचूक मोजता येतं. फक्त त्याला खोलीत कोंडावं लागतं.

१९११ मध्ये ऑक्सफर्डच्या डग्लस यांनी पाठीवर बांधायची पिशवी काढली. तोंडात नळी, नाकाला चिमटा, सोडलेली सगळी हवा पिशवीत. आपण एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण पाच किलोकॅलरी खर्च होतात (रोजच्या बोलण्यात आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती ही किलोकॅलरीच), त्यामुळे हवा तपासली की खर्च कळतो. डोंगर चढणारे, खाणीत काम करणारे, कवायत करणारे सैनिक, सगळ्यांची मापं घेता आली. मोठ्या हॉस्पिटलांत आज ट्रेडमिलवर मास्क लावून जी तपासणी करतात, ती याच पिशवीची नात.

पण मोजणं खर्चिक आणि माणसं असंख्य. म्हणून थोड्यांना मोजायचं, त्यांचं सूत्र बसवायचं आणि ते सगळ्यांना लावायचं, ही पद्धत रूढ झाली. १९१९ मध्ये हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी अमेरिकेतल्या १३६ पुरुषांच्या आणि १०३ स्त्रियांच्या मोजमापांवरून सूत्र मांडलं. वजन, उंची, वय टाका, विश्रांतीत शरीर किती जाळतं ते मिळेल. घड्याळ पहिल्यांदा चालू करताना तुम्हाला वय, वजन, उंची, स्त्री की पुरुष हे विचारतं ना? ते या घराण्यातलं सूत्र चालवण्यासाठी. मोजमाप तिथे झालेलं नसतं, फक्त तुमची चौकशी झालेली असते.

ही सूत्रं आपल्याला लागू पडतात का? ही शंका जुनीच आहे. १९३१ मध्ये मद्रासला एलिनॉर मेसन यांनी बेनेडिक्ट यांच्यासोबत दक्षिण भारतीय स्त्रियांची मापं प्रसिद्ध केली, ती अमेरिकन आकड्यांपेक्षा बरीच कमी निघाली. १९३९ मध्ये मुंबईत नियोगी, पटवर्धन आणि मॉर्डेकाय यांनी मुंबईकरांची विश्रांतीतली मापं घेतली. यातले डॉ. वि. ना. पटवर्धन पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तर १९९०च्या अहवालात आंतरराष्ट्रीय सूत्रातून आलेला विश्रांतीचा आकडा भारतीयांसाठी ५ टक्क्यांनी कमी धरला.

असं का? मोठं कारण स्नायू. चरबीपेक्षा स्नायू आणि अवयव जास्त इंधन खातात, आणि आपल्यात त्याच वजनात चरबी जास्त असते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघे शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. घड्याळाला हे दोघे सारखेच दिसणार.

आता पुण्याच्या वादाकडे येतो. तुम्ही म्हणाल, व्यायामाच्या कॅलरींत अर्थशास्त्रज्ञ कुठून आले? पण 'एका माणसाला एक आकडा चिकटवता येतो का' हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात जोरात तिथेच भांडला गेला, आणि त्यावर कोट्यवधी लोकांची गरिबी ठरणार होती.

१९७१ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील इतकाही खर्च ज्या घरांना परवडत नाही ती गरीब, असा त्यांचा निकष. त्या हिशोबाने ग्रामीण भागातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के लोकसंख्या गरीब ठरली. देश हादरला. पुढे १९७९ मध्ये योजना आयोगाच्या कृतिदलाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरी हे आकडे धरले. खेड्यात अंगमेहनत जास्त म्हणून आकडा मोठा. म्हणजे श्रमात किती कॅलरी जळतात याचा अंदाज थेट दारिद्र्यरेषेत जाऊन बसला.

यावर डॉ. पां. वा. सुखात्मे उभे राहिले. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत रोमला अनेक वर्षं सांख्यिकी विभागाचे प्रमुख. निवृत्तीनंतर ते पुण्यात आले होते. त्यांचा पहिला मुद्दा सोपा होता, इतका की तो आधी कुणाच्या लक्षात कसा आला नाही याचं नवल वाटावं. २२५० ही जर सरासरी गरज असेल, तर अगदी धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या समाजातही साधारण निम्मी माणसं तिच्या खालीच असणार! कारण निम्म्यांची गरजच तेवढी कमी. मग सरासरीखालच्या प्रत्येकाला उपाशी कसं म्हणता?

दुसरा मुद्दा अधिक धाडसी होता. सुखात्मे म्हणाले, दोन माणसांतला फरक राहू द्या, एकच माणूससुद्धा रोज सारखं खात नाही आणि सारखं जाळत नाही. ब्रिटिश सैन्यातल्या जवानांवर एडहोम आणि सहकाऱ्यांनी घेतलेली मापं त्यांच्यासमोर होती. रोज काय खाल्लं आणि रोज किती खर्चलं हे दोन्ही मोजलं, तर एकाच दिवसाचा जमाखर्च जुळत नव्हता. आठवडा-दोन आठवड्यांनी तो साधारण जुळायचा. सुखात्मे आणि अमेरिकेतले शेल्डन मार्गेन यांनी यावरून अशी मांडणी केली की शरीर एका मर्यादेत आपला खर्च स्वतःच कमी-जास्त करतं.

दांडेकरांनी याला कडक उत्तरं दिली. डॉ. गोपालन यांच्यासारखे पोषणतज्ज्ञही विरोधात होते. त्यांचं म्हणणं, गरीब माणूस कमी खातो तो त्याची गरज कमी म्हणून नव्हे, ताटात नाही म्हणून. आणि शरीर जुळवून घेतं ते फुकट घेत नाही. मूल खुरटतं, खेळायचं थांबतं, मजूर दुपारी बसून राहतो. त्याला 'जुळवून घेणं' म्हणायचं की उपासमार?

हा वाद दहा-बारा वर्षं चालला. माझं मत विचाराल तर सुखात्म्यांचा पहिला मुद्दा आजही बिनतोड आहे. दुसरा त्यांनी जितका ताणला तितका टिकला नाही. कुपोषित मजुरांचा खर्च कमी दिसतो, पण त्याचं मुख्य कारण त्यांचं शरीरच लहान आणि स्नायू कमी. गोपालन यांचा आक्षेप तर मला डॉक्टर म्हणून कधीच सोडून देता आलेला नाही. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याकडून येणारे रुग्ण मी रोज बघतो.

दोघांच्या भांडणातून आपल्या घड्याळापुरतं जे निघतं ते असं. सरासरी आकडा हजारो लोकांसाठी बरोबर आणि तुमच्यासाठी चूक, असं एकाच वेळी असू शकतं. आणि एका दिवसाचा आकडा तर फारच कच्चा.

आता पुन्हा त्या ५४० कडे. व्यायामाच्या कॅलरींसाठी जगभर एक माप वापरतात, त्याला मेट म्हणतात. स्वस्थ बसलेला माणूस म्हणजे १ मेट, आणि त्यात दर किलो वजनाला तासाला १ किलोकॅलरी जळते असं धरलेलं आहे. १९९३ मध्ये बार्बरा एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी शेकडो कामांची मेटमधली यादी छापली. सपाटीवर ताशी पाच किलोमीटरच्या आसपास चालणं म्हणजे साधारण ३.५ मेट. आपल्या गृहस्थांचं वजन ७८ किलो. ७८ गुणिले ३.५ म्हणजे २७३. यातल्या ७८ कॅलरी तो तासभर ते घरी पेपर वाचत बसले असते तरी जळाल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई १९५. घड्याळ सांगत होतं ५४०.

मेटचा पायाही थोडा डळमळीत आहे. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात ७६९ जणांची विश्रांतीतली मापं तपासली, तेव्हा दर किलोला तासाला १ नव्हे तर सरासरी ०.८४ किलोकॅलरी निघाली. म्हणजे १९५ सुद्धा थोडे उदारच.

मग घड्याळ इतकं वर कसं जातं? ते नाडीचे ठोके बघतं. मनगटाच्या कातडीवर प्रकाश टाकून ठोके मोजायचं काम आजची घड्याळं बऱ्यापैकी करतात. गडबड पुढच्या पायरीवर आहे, ठोक्यांवरून ऑक्सिजनचा अंदाज बांधण्यात. ठोके काय फक्त चालण्याने वाढतात? एप्रिलचं ऊन, रात्रीची अपुरी झोप, दोन कप चहा, थोडासा ताप, रक्त कमी असणं, थायरॉइड वाढलेलं असणं, मागे लागलेलं कुत्रं, या सगळ्यांनी वाढतात. कुत्र्याच्या भीतीने वाढलेल्या ठोक्यांत चरबी जळत नाही, पण घड्याळाला ते कळायला मार्ग नाही. शिवाय तुमचे जास्तीत जास्त ठोके किती हे ते बहुधा २२० वजा वय यासारख्या सूत्रावरून धरतं. हे सूत्र १९७१ च्या सुमाराला फॉक्स आणि हॅस्केल यांनी आधीच्या काही अभ्यासांचे आकडे एकत्र ठेवून नजरेने ओढलेल्या रेषेतून आलं. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत यात वीस ठोक्यांचा फरक सहज असतो.

२०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात वेगवेगळी मनगटी यंत्रं ६० स्वयंसेवकांवर तपासली. सातांपैकी सहांची ठोक्यांतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्या यंत्राची चूक २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. तेव्हापासून घड्याळं सुधारली आहेत, पण ठोक्यांवरून अंदाज बांधायची मूळ अडचण तीच आहे. मी स्वतः एकदा सोमेश्वरला चालताना घड्याळ आणि खिशातला मोबाइल दोन्ही चालू ठेवले. घरी आल्यावर एक ३१८ म्हणत होता, दुसरा २३१. पाय तेच, रस्ताही तोच.

जिममधल्या ट्रेडमिलचं तर विचारूच नका. बरीच यंत्रं वजन विचारतच नाहीत, आतच एक ठरावीक वजन धरून चालतात. आणि तुम्ही दांडी धरून चाललात तर कष्ट कमी होतात, आकडा तोच राहतो.

एक अपवाद सांगायला हवा, कारण नाशिक हे सायकलवाल्यांचं गाव झालं आहे. २०१५ मध्ये इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी रेस ॲक्रॉस अमेरिका दोघांच्या गटात पूर्ण केली, आणि नंतर त्र्यंबक रोडला पहाटे सायकलींची रांग दिसायला लागली. यातल्या हौशी मंडळींच्या सायकलला पॉवर मीटर असतो. तो पेडलवर पडणारा जोर प्रत्यक्ष मोजतो. सायकल चालवताना शरीर जेवढं इंधन जाळतं त्याचा साधारण चौथा-पाचवा हिस्साच पेडलपर्यंत पोहोचतो, आणि एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८ किलोज्यूल. त्यामुळे गंमत अशी होते की पेडलवरचे किलोज्यूल आणि शरीरातल्या किलोकॅलरी जवळजवळ सारख्याच येतात. मनगटावरच्या कुठल्याही अंदाजापेक्षा हे माप भरवशाचं.

घराबाहेर फिरणाऱ्या माणसाचा एकूण खर्च मोजायची सगळ्यात खात्रीची पद्धत मात्र वेगळीच आहे. विशेष हायड्रोजन आणि विशेष ऑक्सिजन असलेलं पाणी प्यायला देतात आणि आठवडा-दोन आठवडे लघवी तपासतात. लिफसन यांनी ती १९५०च्या दशकात उंदरांवर वापरली, माणसांवर ती १९८२ मध्ये आली. पाणी महाग, आणि उत्तर दोन आठवड्यांचं एकत्रच मिळतं, आज सकाळच्या चालण्याचं वेगळं नाही. पण या पाण्याने एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. २०१२ मध्ये टांझानियातल्या हाड्झा या शिकार करून जगणाऱ्या लोकांना मोजलं. ते दिवसभर चालतात, पण शरीराचा आकार लक्षात घेतला तर त्यांचा रोजचा एकूण खर्च शहरी अमेरिकनांपेक्षा वेगळा नव्हता. २०२१ च्या एका मोठ्या विश्लेषणातही दिसलं की व्यायामात जास्तीच्या १०० कॅलरी जाळल्या तर दिवसाच्या एकूण खर्चात सरासरी ७२चीच भर पडते. बाकीच्या शरीर दुसरीकडे वाचवतं. सुखात्मे हे वाचायला हवे होते असं मला वाटून गेलं. १९९७ मध्येच ते गेले.

हा आकडा उलट्या बाजूनेही त्रास देतो. साठीच्या एक बाई अँजिओप्लास्टीनंतर मेटोप्रोलॉल घेत होत्या. या गोळीने ठोके मुद्दाम कमी ठेवले जातात. त्यांच्या मुलाने घड्याळ भेट दिलं आणि रोज ३०० कॅलरी असं लक्ष्य लावून दिलं. ठोके वाढत नसल्यामुळे आकडा दीडशेच्या पुढे सरकेना. बाई वेग वाढवत गेल्या आणि एके दिवशी चक्कर येऊन रस्त्याकडेला बसल्या. तुम्ही अशी गोळी घेत असाल तर व्यायामाचा वेग ठोक्यांवरून ठरवू नका. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, ही जुनी खूण पुरते. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर घड्याळातल्या आकड्यावरून जेवण वाढवू नका आणि कमीही करू नका, आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

आकडा कुणाचं नुकसान करत नाही अशी एक जागा आहे. घड्याळ तेच, माणूस तोच, रस्ता तोच, मग मागच्या महिन्याच्या मानाने या महिन्यात हालचाल वाढली की घटली एवढं ते बऱ्यापैकी सांगतं. चूक असली तरी बहुधा दर वेळी त्याच बाजूची असते. वाण्याचा तराजू रोज पन्नास ग्रॅम चुकीचा असला तरी आज कालच्यापेक्षा जास्त घेतलं हे कळतंच.

बँकेतल्या गृहस्थांना मी हा सगळा हिशोब कागदावर मांडून दाखवला. १९५ वर बोट ठेवून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पाव वगळला तरी मिसळ बसत नाही यात." मी म्हटलं, मिसळीत तेल आणि फरसाण किती, हाही एक अंदाजच, पण बहुतेक नाही. त्यांनी तिथेच बसून घड्याळातली कॅलरीची पाटी बंद करायला लावली. ती कशी बंद करतात हे मला येईना, शेवटी आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीने करून दिली. पावलं आणि वेळ एवढंच आता दिसतं. चालणं चालू आहे, मिसळ रविवारी. एचबीए१सी दिवाळीनंतर करायचं आहे.